बिल नाही, पण माल ओरिजिनल आहे!

पत्र असं आलंय, थोडं छाटून देतोय.

"काका, कोथरूडला कर्वे पुतळ्याजवळ आमचं कॉस्मेटिक्स आणि गिफ्टचं छोटं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं, आता तीन वर्षं मीच बघतो. गेल्या दिवाळीआधी मुंबईची एक पार्टी आली. दुबईचे पर्फ्यूम, चॉकलेटं, क्रीम, सगळं ओरिजिनल, फक्त बिल नाही. जो पर्फ्यूम मला डिस्ट्रीब्युटरकडून १००० ला पडतो तो ते ७०० ला देत होते. पलीकडच्या गल्लीतला एकजण तोच ११५० ला विकतो, मी १३०० सांगितले की गिऱ्हाईक तोंडावर म्हणतं लुटताय का. शेवटी मीपण ३८ हजारांचा खोका घेतला, रोख. निम्मा संपला. बायकोला कळल्यापासून ती धड बोलत नाहीये. आमचे दाजी अर्थशास्त्र शिकलेले, ते म्हणतात घाबरतोस काय, सरकार ड्यूटी लावतं म्हणून स्मगलिंग होतं, लोकांना स्वस्त मिळतंय, देशाचं काय वाकडं होतंय. दाजी चुकतायत का? आणि उरलेल्या मालाचं काय करू? नाव छापू नका."

नाव नाही छापत. आधी खोका, मग दाजी, कारण दाजी कुठे पळून जात नाहीत.

खोका शेल्फवरून उतरव. आजच. विकू नको, दिवाळी गिफ्ट म्हणून नातेवाईकांत वाटू नको, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुणी "दोन टक्क्यात बिल बनवून देतो" म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. आत्ता तुझ्याकडे एकच भानगड आहे, खोटं बिल लावलंस की दोन होतील, आणि दुसरी तू स्वतःच्या सहीने केलेली असेल. तुझ्या सीएला जाऊन भेट, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत बसू नको, आणि त्याला म्हणावं कस्टम्सची कामं करणारा एखादा वकील गाठून दे. कस्टम्सचा कायदा १९६२ चा आहे, त्यात चोरून आणलेला माल जप्त होतो हे तर आहेच, पण ज्याने तो विकत घेतला, ठेवला, विकला त्यालाही दंड आहे, जर माल तसला आहे हे त्याला माहीत होतं किंवा तसं वाटायला पुरेसं कारण होतं. आता तूच सांग, हजाराची वस्तू सातशेला, रोख, बिल नाही, पार्टीचं आडनावपण माहीत नाही, यापेक्षा आणखी काय कारण पाहिजे? जेलचं म्हणशील तर मोठी शिक्षा, सात वर्षांपर्यंतची, मोठ्या माशांना आहे, म्हणजे माल कोटीच्या वर किंवा बुडवलेली ड्यूटी पन्नास लाखांच्या वर. तुझा खोका त्यात कुठेच बसत नाही, म्हणून रात्रीची झोप उडवून घेऊ नको. पण अडतीस हजार हा आकडा दुसऱ्या खोक्यानंतर राहत नाही, हेपण खरंय.

आता दाजी.

दाजींचं अर्धं बरोबर आहे, आणि मला अर्ध्या बरोबर माणसांशीच भांडायला आवडतं. ड्यूटी वाढली की स्मगलिंग वाढतं हे सोन्याइतकं स्वच्छ कुठेच दिसत नाही. २०१२ च्या सुरुवातीला सोन्यावर जेमतेम दोन टक्के ड्यूटी होती. त्या वर्षी देशाचे डॉलर बाहेर फार जात होते, चालू खात्यातली तूट जीडीपीच्या ४.८ टक्क्यांवर गेली होती, म्हणून सरकारने ड्यूटी वाढवत वाढवत २०१३ च्या ऑगस्टपर्यंत दहा टक्के केली. २०२२ च्या जुलैत ती पंधरा झाली. मग विमानातून उतरणाऱ्या लोकांच्या कमरेला, बुटाच्या टाचेत, पोटात, पेस्ट करून कॅप्सूलमध्ये, कुठे कुठे सोनं सापडायला लागलं ते तू पेपरात वाचलं असशीलच, आपल्या लोहगाव विमानतळावरपण सापडलंय. समजा किलोचा भाव साठ लाख धरला तर पंधरा टक्क्यांनी नऊ लाख सुटतात, त्यातून विमानाचं तिकीट, कॅरियरची मजुरी, एखादी खेप पकडली गेली तर तिचं नुकसान, सगळं भागून वर पैसे उरतात. २०२४ च्या जुलैत ड्यूटी एकदम सहा टक्क्यांवर आणली, तेव्हा तेच गणित साडेतीन-चार लाखांवर आलं, आणि तेवढ्यासाठी कोण कॅप्सूल गिळेल? त्याआधीच्या पिढीने तर मोरारजीभाईंचं सुवर्ण नियंत्रण बघितलंय, १९६३ ला १४ कॅरेटच्या वरचे दागिने बनवायला बंदी आली, लग्नं काही थांबली नाहीत, फक्त सोनं समुद्रातून यायला लागलं. तो कायदा १९९० ला गेला. तेव्हा दाजींना सांग की सरकारपण या धंद्यात अधूनमधून न कळत भागीदार असतं, मान्य.

पण पुढचं वाक्य, "लोकांना स्वस्त मिळतं", तिथे थांबायचं. तुझ्याच बाटलीचा हिशेब करू, कागद घे.

समजा ती बाटली दुबईतून इथल्या बंदरात येऊन पडली ५०० रुपयांना. पर्फ्यूमवर ड्यूटी २० टक्के, म्हणजे १००. त्या ड्यूटीवर समाजकल्याण अधिभार दहा टक्के, १०. झाले ६१०. त्यावर १८ टक्के जीएसटी, साधारण ११०. एकूण ७२०. म्हणजे सरळ मार्गाने आलेल्या बाटलीवर सरकारकडे २२० जातात. आता चोरट्या बाटलीचं बघ. पलीकडचा ती ७०० ला घेतो आणि ११५० ला विकतो. गिऱ्हाईकाला तुझ्यापेक्षा किती स्वस्त पडली? १५० रुपये. त्याच्या खिशात किती गेले? ४५०, तेपण गल्ल्यात न दिसणारे, आणि तू बिलावर ३०० कमावतोस त्यातून टॅक्स, भाडं, पोराचा पगार सगळं. आणि ७०० मधून बाटलीचे ५०० गेले की उरलेले २०० आणणाऱ्याच्या साखळीत वाटले जातात, कॅरियरला, खोटी कागदपत्रं करणाऱ्याला, डोळे मिटणाऱ्याला, हवालावाल्याला. सरकारचे २२० गेले ते फक्त बंदरावरचे, पुढे प्रत्येक हातात मार्जिनवर जो जीएसटी आणि इन्कम टॅक्स जायचा तो वेगळाच.

म्हणजे एवढा उद्योग कशासाठी, तर गिऱ्हाईकाला १५० रुपये. तो ते ९०० ला का विकत नाही? कारण त्याला गरजच नाही! तू शेजारी १३०० ला बसलायस, त्याने तुझ्यापेक्षा जरासा कमी भाव लावला की झालं. बाजारातला भाव अजून सरळ मालच ठरवतो, चोर फक्त त्याच्या सावलीत बसतो. हे माझं पेठी तत्त्वज्ञान नाही बरं का, १९७३ साली जगदीश भगवती, आपले मूळ मुंबईचेच, आणि बेंट हॅन्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हे नीट मांडून दाखवलंय. तोपर्यंत बरेच विद्वान दाजींसारखंच म्हणायचे की चोरटा व्यापार म्हणजे मागच्या दाराने आलेला खुला व्यापार. या दोघांनी म्हटलं की थांबा, चोरट्या व्यापाराला स्वतःचा खर्च असतो, लांबचा रस्ता, लपवाछपवी, पकडलेला माल, आणि सरळ माल व चोरटा माल दोन्ही बाजारात शेजारी शेजारी असतील तर भाव काही उतरत नाही, फक्त जो पैसा ड्यूटी म्हणून देशाच्या तिजोरीत आला असता तो लपवाछपवीत जळून जातो. दाजींना हे नाव नक्की सांग, अर्थशास्त्र शिकलेत म्हणतोस ना.

आता मी ज्यासाठी हे पत्र निवडलं ते सांगतो. माझ्या वडलांचं रविवार पेठेत घड्याळाचं दुकान होतं. १९७०-७५ चा काळ. एचएमटीची घड्याळं यायची पण मागणीएवढी कधीच नाही, लोक नाव लिहून जायचे, मुंजीला द्यायचंय, जावयाला द्यायचंय. आणि तेव्हाच महिन्यातून एकदा एक गृहस्थ यायचा, पांढरा शर्ट, हातात रेक्झिनची पिशवी, पिशवीत वर भाजी आणि खाली पंचात गुंडाळलेली घड्याळं. जपानी, चकचकीत, तारीख-वार दाखवणारी. वडील चार-पाच महिने नाही म्हणाले, मग एकदा सहा घेतली. तेव्हा काय आणि आज काय, कस्टम्सच्या कायद्यात १२३ नंबरचं कलम आहे, त्यात सोन्याच्या बरोबरीने घड्याळ असं नावानिशी लिहिलंय, म्हणजे पकडलं तर हा माल चोरटा नाही हे दाखवायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याची. वडलांना हे माहीत होतं, म्हणून ती घड्याळं दुकानात कधी आलीच नाहीत, घरी गव्हाच्या डब्यात असायची, आणि आईला दळणाला गहू काढायचे असले की आधी वडलांना हाक मारावी लागायची.

पाच विकली गेली, काही नाही झालं. सहावं एका मास्तरांनी घेतलं, पानशेतच्या पुरात घर गेलेले, फार जपून पैसा वापरणारे गृहस्थ. पावसाळ्यात ते बंद पडलं. मास्तर घड्याळ घेऊन दुकानात आले. वडलांनी मागचं झाकण काढलं, भिंग लावलं आणि किती तरी वेळ डोळा वर केला नाही. डायल जपानी, आतलं मशीन भलत्याच कुठल्या तरी घड्याळाचं. गॅरंटी कार्ड नाही, बिल नाही, पिशवीवाल्याचा पत्ता नाही. मास्तर काही बोललेपण नाहीत, फक्त उभे राहिले. वडलांनी गल्ल्यातून पूर्ण पैसे काढून दिले, म्हणजे पाच घड्याळांत कमावलेलं तिथेच गेलं, वर खिशातले. पिशवीवाला परत आला तेव्हा वडलांनी त्याला एकच प्रश्न विचारला, तो शेवटी सांगतो.

तुझ्या मालात क्रीम आहेत म्हणालास. घड्याळ बंद पडतं, क्रीम अंगात जातं. २०२३ ला केरळात मलप्पुरम भागात किडनीचे काही पेशंट सापडले, खोदून विचारल्यावर समान धागा निघाला तो गोरं करणाऱ्या क्रीमचा, काहींवर तर कोण बनवतं तेपण लिहिलेलं नव्हतं. असल्या क्रीममध्ये पारा घालतात, त्याने रंग उजळतो आणि किडनी जाऊ शकते. आपल्याकडे असल्या क्रीममध्ये पारा घालायला बंदीच आहे. तेव्हा पर्फ्यूमचं काय करायचं ते वकील सांगेल, पण क्रीमचं मी आत्ताच सांगतो, विकल्यापैकी ज्यांची नावं आठवतात त्यांना फोन कर आणि लावू नका म्हणून सांग, पैसे परत दे. ओशाळवाणं वाटेल, वाटू दे.

आता देशाचं काय वाकडं होतं. मोठे आकडे सांगत नाही, माझी सासुरवाडी श्रीवर्धनची, तिथलं सांगतो. श्रीवर्धनची रोठा सुपारी तुला माहीत असेल, नसेल तर आजीला विचार. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, सासऱ्यांच्या वाडीत सुपारी अशी पडली होती जशी काडेपेटी उघडून उलटी केलीय. नवं रोप लावलं की धरायला सहा-सात वर्षं. तेवढी वर्षं माणूस उरलेल्या चार झाडांच्या भावावर जगतो. आणि भाव कोण पाडतं, तर बाहेरची सुपारी. तिच्यावर १०० टक्के ड्यूटी आहे, वर २०२३ पासून किलोला ३५१ रुपयांच्या खाली आयात करता येत नाही, म्हणून ती न्हावा-शेवा बंदरात भलत्याच नावाने कंटेनरमधून उतरते, नाहीतर म्यानमारच्या बाजूने ईशान्येतून चालत येते. गुटखेवाल्याला काय, स्वस्त पडली. सासरे अंगणात सुपारी वाळत घालून व्यापाऱ्याची वाट बघतात, तो येतो, मूठभर उचलतो, खाली टाकतो आणि म्हणतो बाजार मंदा आहे काका. हे जे आहे ना, यात कारखाना बंद पडल्याची बातमी येत नाही, कुणी मोर्चा काढत नाही, फक्त पुढच्या वर्षी पोरगा म्हणतो वाडी कशाला लावता, मी पनवेलला नोकरी बघतो. गरीब देशाचं नुकसान असंच होतं, जो माणूस सरळ बिलावर, सरळ सातबाऱ्यावर काही उभं करायला जातो त्यालाच ते जमेनासं होतं, आणि मग सरकारपण जो सापडतो त्याच्याकडूनच वसूल करतं. सापडणारा कोण? तुझ्यासारखा जीएसटी नंबर घेतलेला.

बरं, नुसतं नाकाबंदी करून हे सुटतं असंही नाही. नायजेरियाने २०१९ च्या ऑगस्टमध्ये जमिनीवरच्या सीमाच बंद केल्या, का तर शेजारच्या बेनिनच्या कोटोनू बंदरात थायलंडचा तांदूळ उतरायचा आणि रात्रीतून इकडे यायचा, इथला शेतकरी मरायचा. हेतू चांगला, पण धान्य महाग झालं, साधा सरळ व्यापार करणारेपण अडकले, आणि २०२० च्या डिसेंबरात सीमा परत उघडायला लागल्या. म्हणून मी दाजींना शंभर टक्के चूक म्हणत नाही. ड्यूटी शहाणपणाने लावायला पाहिजे, पण ती लावलेली असताना चुकवणारा जिंकतो तेव्हा हरतो कोण, हे ते सोडून देतात.

आणि एक गोष्ट, श्रीवर्धनचा विषय निघालाच आहे म्हणून. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं की शेखाडी लागतं, सुंदर रस्ता आहे, हल्ली पुण्याची पोरं बाइकवर जातात. १९९३ च्या फेब्रुवारीत तिथे आरडीएक्स उतरलं. तो रस्ता त्याआधी वर्षानुवर्षं चांदी-सोन्याचा होता, होडी कुठे लागते, ट्रक कुठे उभा राहतो, कुणाला किती द्यायचे, सगळं ठरलेलं. चांदीला सोकावलेले लोक खोक्यात काय आहे ते विचारत नव्हते. महिन्याभराने १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनापण त्यात शिक्षा झाल्या. तुझ्या पर्फ्यूमच्या खोक्याचा याच्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, इतकं नाट्य नको. पण तुझा खोका ज्या हातांनी आला त्या हातांना आत काय आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, एवढं लक्षात ठेव.

राहिला धंदा, कारण बायको आणि दाजी दोघांना पटवलंस तरी गिऱ्हाईक ११५० च म्हणणार. तर असं कर. इम्पोर्टेड माल सोडू नको, कमी ठेव पण सरळ ठेव. खोक्यावर इम्पोर्टरचं नाव-पत्ता, एमआरपी रुपयात, माल बनवल्याचा महिना-वर्ष, कुठल्या देशाचा, तक्रारीचा फोन, हे छापलेलं किंवा चिकटवलेलं असलंच पाहिजे, क्रीम-लिपस्टिकवर सरकारी नोंदणीचा नंबर, चॉकलेटवर एफएसएसएआयचा लोगो आणि इम्पोर्टरचा लायसन्स नंबर. तो स्टिकर गिऱ्हाईकाला बोट ठेवून दाखव. रडत नाही, फुशारकीने. "ताई, हे बिल, काही झालं तर इथेच आणायचं" हे वाक्य म्हणणारा दुकानदार कोथरूडात अजून चालतो, मी स्वतः बघतो. चाचणीला टेस्टर ठेव, पाच-दहा एमएलचे छोटे पॅक ठेव, ज्याला १३०० जड वाटतात तो ३५० चं घेतो. पक्क्या बिलावर तुला भरलेला जीएसटी वजा मिळतो, ७०० च्या मालावर नाही मिळत, हापण फरक हिशेबात धर. आणि ती पार्टी उद्या व्हेप घेऊन येईल, कॉलेजची पोरं मागतात म्हणून, त्याला हातपण लावू नको, ई-सिगारेटवर २०१९ पासून देशात पूर्ण बंदी आहे, दुकानात नुसती साठवली तरी गुन्हा.

पलीकडच्याची तक्रार करू का असं तू विचारलं नाहीस, बरं केलंस. अर्धा खोका तुझ्याच दुकानात असताना तो प्रश्न तुला शोभत नाही, आधी तुझं निस्तर, मग बघू.

बायकोशी आज रात्री बोल. सीएची अपॉइंटमेंट घेतली एवढंच सांग, बाकीचं ती आपोआप बोलायला लागेल.

आणि हो, वडलांचा प्रश्न. पिशवीवाला पुढच्या महिन्यात आला, भाजी बाजूला सारली, पंचा सोडला. वडलांनी घड्याळाकडे बघितलंच नाही, बिलबुक पुढे सरकवलं आणि विचारलं, "नाव काय लिहू?" तो जरा हसला, पंचा परत बांधला, पिशवीत भाजी वर नीट रचली आणि गेला. परत आमच्या दुकानात कधी आला नाही, शेजारच्याकडे मात्र बरीच वर्षं येत होता.